घुबडाची आई

चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणाऱ्या त्या बाईंचा स्वभावच असा, की काही चांगलं घडलं की आधी त्यांना धडकी भरायची. नवऱ्याला चालवायला नवाकोरा ट्रक मिळाला, तर त्यांचं पहिलं वाक्य, "ब्रेक नीट बघून घ्या." नवरा माल घेऊन सतत गावोगाव. फोनवर हसून म्हणायचा, "मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण तुला बघूनच काढली असणार."

त्यांची एकुलती एक मुलगी सातवीत होती. घरी तिचं नाव बिट्टी, शाळेत घुबड. जाड भिंगाचा चष्मा, वर्गातल्या पोरांपेक्षा वीतभर जास्त उंची, आणि कुणी काही विचारलं की उत्तराला इतका वेळ लावायची की विचारणारा तोवर निघून गेलेला असायचा. बाकावर एकटीच बसायची. मधल्या सुट्टीत जिन्याखाली जाऊन डबा खायची. हे बाईंना शाळेच्या शिपायाकडून कळलं. चष्म्याची दांडी बसवून घ्यायला आला होता, बोलता बोलता सांगून गेला. घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "डबा कुणाबरोबर खाल्लास?"

"सगळ्यांबरोबर," बिट्टी म्हणाली.

बाईंनी पुढे विचारलं नाही. विचारलं असतं आणि तिने खरं सांगितलं असतं, तर काय करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

अशात एके दुपारी टोपी घातलेला एक तरुण दिग्दर्शक आणि त्याची मदतनीस दुकानात आले. म्हणाले, "तुमच्याकडची सगळ्यात वाईट फ्रेम दाखवा." बिट्टी शाळेतून येऊन स्टुलावर गृहपाठ करत होती. बाई आत मशीनवर काचेची कड घासत होत्या. मशीन बंद केलं आणि पडद्याआडून मदतनीसबाईंचं कुजबुजणं स्पष्ट कानावर आलं, "हीच घेऊ. हिच्या शेजारी कोण बसेल, सांगा ना."

बाई हातातली काच ठेवून उठल्या. तोवर दिग्दर्शक हसतमुखाने आत डोकावला. "काकू, तुमची मुलगी सिनेमात काम करेल? वर्गाने वाळीत टाकलेल्या मुलीची गोष्ट आहे. विनोदी आहे हं! म्हणजे हसू येईल, पण घशात अडकेल."

बाई नाही म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात बिट्टी म्हणाली, "हो." एरवी उत्तराला वेळ लावणारी पोर, आणि त्या दिवशी तिने श्वाससुद्धा घेतला नाही.

शूटिंग सुट्टीत, आणि बिट्टीच्याच शाळेत ठरलं. गर्दी म्हणून तिच्याच वर्गातली मुलं घेतली होती. हे कळल्यावर बाईंचं धाबंच दणाणलं. म्हणजे वर्षभर जे फुकट चाललं होतं, तेच आता दिवे लावून करायचं! त्यांनी दुकानातून रजा काढली आणि रोज मुलीबरोबर जाऊन व्हरांड्यात बसू लागल्या. मांडीवर विणकाम असायचं, पण सुई एका टाक्यापुढे सरकत नव्हती.

एका दृश्यात सगळ्या वर्गाने बिट्टीवर कागदाचे बोळे फेकायचे होते. वर्गाची मॉनिटर, दोन वेण्या घालणारी चुणचुणीत मुलगी, सगळ्यांत पुढे उभी. "अ‍ॅक्शन" झाल्याबरोबर बोळे सुटले. मग पेन्सिली, खोडरबर. कुणाचा तरी बूटही आला. दिग्दर्शक "कट! कट!" ओरडला, तरी फेकणं थांबेना. शेवटी एकदाचं थांबलं, तर तो टाळ्या वाजवत म्हणतो, "शाब्बास! एकदम खरं वाटलं! पुन्हा एकदा!"

पुन्हा बोळे उडाले आणि बाईंना राहवलं नाही. विणकाम टाकून त्या धावल्या, बाकावर झेपावून मुलीपुढे हात पसरून उभ्या राहिल्या. "खबरदार! बूट कुणी मारला? पुढे या!"

मुलं एकमेकांच्या पायांकडे बघू लागली. वर धरलेला माइक हवेतच लटकत राहिला.

"आई," मागून बिट्टीचा आवाज आला, "तू फ्रेममध्ये आलीस."

दिग्दर्शकाने चहाची सुट्टी जाहीर केली. जिथे कपडे बदलत त्या खोलीत मायलेकी समोरासमोर बसल्या. बिट्टी रागाने लाल झाली होती.

"चांगला शॉट होता. सगळा घालवलास."

"अगं, त्यांनी तुला मारलं!"

"मग? रोजच मारतात. आज निदान कॅमेरा चालू होता."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. इतके दिवस गिळलेलं बाहेर पडलं. "तुला त्यांनी का घेतलंय, माहितीय का तुला?"

"माहितीय. मीच विचारलं होतं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तू एकटी दिसतेस. मी म्हटलं, दिसते नाही, आहे." आणि पुढे म्हणाली, "निदान खोटं तरी बोलले नाहीत. तू मात्र डब्याचं विचारून गप्प बसलीस."

बाईंनी तिचा चष्मा काढून पदराने पुसला आणि परत तिच्या नाकावर ठेवला. मग जाऊन दिग्दर्शकाची माफी मागितली. एवढंच म्हणाल्या, "बूट मात्र नको." त्याने मान्य केलं.

सिनेमा लागला त्या दिवशी ट्रक दूर उभा करून नवराही आला. बाई खुर्चीचा हात घट्ट धरून बसलेल्या. पडद्यावर बिट्टी शाळेच्या स्वच्छतागृहात कोंडली गेली आणि सगळं थिएटर खदाखदा हसलं. बाई उठायला लागल्या, तशी बिट्टीने त्यांना खाली ओढलं. "बस ना. पुढचं मस्त आहे." पुढे पडद्यावरची मुलगी दाराआडून मोठ्याने पाढे म्हणायला लागली, आणि हशा हळूहळू विरत गेला. बाईंच्या मागच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं. नवरा अंधारात डोळे पुसत होता, विचारल्यावर म्हणाला, "एसी फार आहे."

शाळेत जादू वगैरे काही झाली नाही. सिनेमा लागल्यावर पहिल्याच दिवशी मॉनिटरने "घुबड आलं!" म्हणून आरोळी दिली. बिट्टी म्हणाली, "तिकीट काढलंस का?" वर्ग हसला, यावेळी मॉनिटरला. पण मधल्या सुट्टीत सगळे पुन्हा आपापल्या घोळक्यात गेले. महिनाभराने दुसऱ्या तुकडीतून बदलून आलेली एक मुलगी आपणहून बिट्टीच्या बाकावर बसायला आली. सिनेमा तिने पाहिलाच नव्हता; पुढच्या बाकावरून फळा नीट दिसावा म्हणून आली होती. बाईंना हे कळलं तेव्हा त्या मुलीला कुठे ठेवू नि कुठे नको असं त्यांना झालं, आणि लगेच मनात पाल चुकचुकली.

संध्याकाळी बिट्टी दप्तर टाकून म्हणाली, "आई, ती फार बोलते गं. डोकं उठतं. मी जागा बदलून मागणार आहे."

"मागशील तर बघ!" बाई ओरडल्याच. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "बोलू दे ना, राणी. दोन दिवस तरी बोलू दे."