आठ दिवस राहून बघतो

घरमालक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे किल्ल्यांचा जुडगा आणि कपाळावरची आठी येते. आमच्या अप्पांकडे जुडगा होता, आठी मात्र माझ्या वाट्याला आली. मी त्यांची एकुलती एक मुलगी, आणि भाडेकरूंच्या मते त्या इमारतीतली खरी कजाग मालकीण. म्हणू देत. कुणीतरी असावंच लागतं.

तीस वर्षं प्लंबरकी करून अप्पांनी ती तीन मजली, अरुंद इमारत उभी केली. तळाला पुढे बेकरी आणि मागे एक खोली, मधल्या दोन मजल्यांवर दोन-दोन खोल्या, आणि तिसऱ्यावर, छपराखाली, आम्ही. चांगल्या खोल्या भाडेकरूंना, उरलेली आपल्याला. आई होती तोवर यावरून रोज तोंडसुख घ्यायची. ती गेल्यावर ते काम मी पत्करलं, आणि लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेल्यावरही फोनवरून नेटानं चालू ठेवलं.

अप्पांचे नियम दोनच. पहिला असा, की एखादी खोली रिकामी झाली की ते स्वतः खाट, स्टोव्ह आणि चहाचं पातेलं घेऊन आठ दिवस तिथे राहायला जायचे. सख्खं घर एक-दोन जिने वर असताना! "जिथे मी झोपलो नाही, तिथे दुसऱ्याला झोप म्हणून कसं सांगू?" हे त्यांचं उत्तर. उशाशी एक वही. कुठली खिडकी वाऱ्यानं खडखडते, कुठल्या फरशीवर पाय घसरतो, सगळं त्यात उतरायचं. नवव्या दिवशी हत्यारांची पेटी उघडायची.

नर्सबाई दुसऱ्या मजल्यावर राहायला येणार होत्या तेव्हा तर कहरच झाला. बाईंची कायम रात्रपाळी, म्हणजे झोप दिवसा. मग अप्पाही आठ दिवस दिवसा झोपले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खोलीतला बँडवाला ट्रम्पेट वाजवायला लागला, तसे अप्पा खाटेवरून जवळजवळ खालीच आले. त्यांनी बँडवाल्याला शब्दानंही दुखावलं नाही. बेकरीवाल्याशी बोलून त्याला चारनंतर बेकरीतलं पिठाचं कोठार मिळवून दिलं. पोत्यांमुळे आवाज बाहेर जात नाही. बँडवाला खूश, नर्सबाई खूश, आणि बेकरीवाल्याला फुकटात गाणं. आजतागायत नर्सबाई आणि बँडवाल्याचं एकदाही वाजलेलं नाही.

दुसरा नियम किल्ली हातात देताना ते सांगायचे: "तुम्ही जाल तेव्हा जा. माझ्या सोयीसाठी तुम्हाला कधी उठवणार नाही."

आता तळमजल्यावरच्या मागच्या खोलीकडे येऊ. तिथे चौदा वर्षं घड्याळवाले राहत होते. घड्याळं दुरुस्त करणारा, सडाफटिंग, काडीसारखा माणूस. कान असा, की मुंगी शिंकली तर विचारेल, सर्दी कधीपासून? रोज सकाळी साडेसातला ते चिठ्ठी घेऊन अप्पांच्या वाटेत उभे. "नळ मिनिटाला बावीस थेंब टाकतोय." "दाराची वरची बिजागरी कुरकुरते, खालची नाही." अप्पा गप पेटी घेऊन जायचे. मी सुट्टीला आले की माझं डोकं फिरायचं. "अप्पा, हा माणूस तुमचं रक्त पितोय!" तर म्हणायचे, "अगं, ऐकू येतं त्याला. आपल्याला येत नाही."

मग अप्पांचा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली, डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "चालतील व्यवस्थित. पण जिने विसरा."

तिसऱ्या मजल्यापर्यंत बावन्न पायऱ्या. लिफ्ट बसवायला जिन्यात जागा नाही. म्हणजे तळमजल्यावर राहायला मिळालं तरच अप्पा त्या इमारतीत, नाहीतर इमारत विकून माझ्याकडे, जिथे त्यांना ओळखणारं माझ्याशिवाय कुणी नाही. बेकरी हलवता येत नाही, भट्टी आहे. राहिली एकच खोली.

"घड्याळवाल्यांना विचारा," मी म्हटलं.

"नाही विचारणार. शब्द दिलाय." आणि भिंतीकडे तोंड केलं. दवाखान्यातल्या त्या पांढऱ्या चादरीत माझे अप्पा इतके लहान दिसले, की मला रडूच आलं. आणि मला रडू आलं की पाठोपाठ राग येतो, हा माझा जन्माचा रोग.

त्याच रागात मी तडक घड्याळवाल्यांच्या दारात. टेबलावर झुकून, डोळ्याला भिंग लावून ते काम करत होते. मी तोंडाचा पट्टा सोडला. "चौदा वर्षं त्यांना गुडघ्यावर बसवून नळ दुरुस्त करून घेतलेत. त्या गुडघ्याचं काय झालं माहीत आहे? आता एक खोली सोडता येणार नाही तुम्हाला?" आणखीही बरंच बोलले, ते इथे लिहीत नाही.

त्यांनी भिंग काढलं. "बिजागरीला तेल द्यायचंय," असं काहीसं पुटपुटले आणि दार लावून घेतलं. हळूच. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

झालं, संपलं, म्हणत मी दलालाला फोन लावला. तो म्हणाला, शनिवारी गिऱ्हाईक घेऊन येतो. अप्पांना काही सांगितलं नाही. ते मात्र रोज विचारायचे, "माझ्या कुंडीला पाणी घालतेस ना?" मी हो म्हणायचे. खरं तर घरी पाऊल टाकवत नव्हतं, दवाखान्याजवळच मैत्रिणीकडे राहत होते.

शनिवारी दुपारी, दलाल यायच्या आधी जरा झाडून घ्यावं म्हणून मी वर गेले, तर दाराला कुलूप नाही. आत स्टोव्हवर चहाचं आधण, खिडकीशी घडीची खाट, आणि खाटेवर घड्याळवाले, मांडीवर वही!

"तुम्ही? इथे? कुणी सोडलं तुम्हाला आत?"

"नर्सबाईंकडे जादा किल्ली असते." वहीतून मान वर नाही. "ओरडू नका, मोजतोय. मिनिटाला सदतीस थेंब. प्लंबरच्या घरात! सहावा दिवस आहे माझा. अजून दोन राहिलेत."

मी खिडकीकडे वळले. कुंडीला पाणी घातलेलं होतं.

"मी बोलले ते..." मी सुरुवात केली.

"बोललात ते सगळा जिना ऐकत होता. आता चहा घ्या, आणि त्या फळीवर पाय ठेवू नका, करकरते."

त्यांनी वही दाखवली. नळ. दोन खिडक्या. छपरातून अंथरुणावर येणारं पाणी, ज्याच्याखाली अप्पांनी बादली ठेवून दिली होती. दुसऱ्यांच्या खोलीत आठ-आठ दिवस कान लावून झोपणारा माणूस स्वतःच्या घरात असा राहत होता, आणि मला, पोटच्या पोरीला, फोनवर तोंडसुख घेताना एकदाही कळलं नव्हतं. लाज वाटली, खरंच वाटली. दलालाला मी जिन्यावरूनच परत पाठवलं. तो काहीबाही बोलायला लागला, तेव्हा मालकीणबाई किती कजाग आहेत ते त्यालाही समजलं.

नवव्या दिवशी घड्याळवाले दवाखान्यात आले. इस्त्रीचा शर्ट, हातात यादी. खाटेशी उभं राहून खणखणीत वाचायला लागले. एकूण सत्तावीस तक्रारी. अप्पा हळूहळू उठून बसले. बाराव्या तक्रारीला तर भांडायलाच लागले. "ती खिडकी वाजत नाही!" "वाजते. पहाटे, पश्चिमेचा वारा असला की." किती दिवसांनी त्यांच्या आवाजात जीव आला होता.

"पण तुम्ही माझ्या घरात काय करत होतात?" अप्पांनी शेवटी विचारलं.

"राहून बघत होतो. घेण्याआधी बघू नये?"

अप्पांच्या लक्षात आलं. चेहरा कडक झाला. "मी तुम्हाला उठवणार नाही."

"तुम्ही कुठे उठवताय? खालची खोली मला नको झालीये. उजेड नाही. भिंग लावून लावून डोळे चाललेत माझे. वर खिडकीशी दिवसभर ऊन. पण हे सत्तावीस आधी दुरुस्त व्हायला हवेत, मग येईन. सांगून ठेवतो."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. डोळे ओले आहेत हे मला कुणाला दाखवायचं नव्हतं.

माणसं लावून केलेल्या दुरुस्त्यांना तीन आठवडे लागले. मग घड्याळवाले वर गेले, अप्पा तळमजल्यावर आले, आणि नियम म्हणजे नियम, खाटेशी वही घेऊन आठ दिवस त्या खोलीची परीक्षा घ्यायला बसले. मी मुद्दाम थांबले. नवव्या दिवशी त्यांनी वही माझ्यापुढे केली. कोरी.

"एकही सापडली नाही गं," ते म्हणाले. "नळ गळत नाही. दार कुरकुरत नाही. सगळं मीच नीट करून ठेवलंय."

चौदा वर्षं ज्याला मी शिव्या घातल्या, त्या माणसानं चिठ्ठी चिठ्ठी करून माझ्या बापासाठी इमारतीतली सगळ्यात चांगली खोली तयार करून ठेवली होती. मी अप्पांच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडले. या खेपेला पाठोपाठ राग आला नाही.

तेवढ्यात दारावर टकटक. बरोब्बर साडेसात. घड्याळवाले, हातात चिठ्ठी.

"अठ्ठाविसावी," ते म्हणाले. "वर राहून या खोलीतलं काही ऐकू येत नाही. घरमालक पडले-झडले तर कळणार कसं? घंटी बसवून मिळावी." आणि खिशातून घंटी अन् तारेचं वेटोळं काढून टेबलावर ठेवलं.

दुपारपर्यंत घंटी बसली. संध्याकाळी मी निघताना अप्पांनी बटण दाबलं. बावन्न पायऱ्या उतरून, धापा टाकत घड्याळवाले दारात हजर.

"काय झालं?"

"काही नाही. चालते का बघत होतो."

"उद्यापासून दोनदा दाबा," घड्याळवाले म्हणाले. "एकदा वाजली की बेकरीच्या दारावरची वाटते."

आणि परत वर जायच्या ऐवजी खुर्ची ओढून बसले.