सासऱ्यांचा लाकडी मासा

लग्नात सासऱ्यांनी मला अंगठी दिली नाही, एक लाकडी मासा दिला. ते आगबोटीवर खलाशी होते. कुठल्याशा परदेशी बंदरातून त्यांनी तो आणला होता. पोटाखाली दोन गळ, हनुवटीला पत्र्याची जीभ. पाण्यातून ओढला की जिवंत माशासारखा वळवळायचा. तोंडवलीच्या शाळेतल्या मास्तराला असला दागिना मिळाल्यावर डोकं ठिकाणावर कसं राहणार? कुलाब्याकडे ज्याला जिताडा म्हणतात तो चणक मासा आता आमच्या ताटात रोज असणार, असं मी गावभर सांगून टाकलं.

पहिल्याच रविवारी तो खाडीतल्या कालवांच्या खडकात अडकला आणि दोरी तुटली. हे मी कोणाला सांगितलं नाही. बायकोला तर मुळीच नाही, आणि अर्थात तिला ते त्याच संध्याकाळी कळलं.

वर्षभराने सासऱ्यांचं पत्र आलं. रजेवर येतोय, आपला मासा काय काय धरतो ते बघायचंय. पांगाऱ्याचं हलकं लाकूड आणून मी दुसरा मासा तासला, शाळेतल्या रंगांनी एकेक खवला काढला, डब्याच्या पत्र्याची जीभ ठोकली. मूळ माशापेक्षाही देखणा झाला. पाण्यात सोडला तर पोट वर करून तरंगला. शेपटीत जाळ्याचं शिसं बसवलं, तर उभाच राहिला. मी त्याला चार शिव्या घातल्या.

बायको मागे उभी राहून बघत होती. "मेलेल्या माशाच्या पाठसून चणक कित्याक येतलो? ती सुरी माका द्या."

तिने शिसं शेपटीतून काढून पोटात बसवलं आणि गळ्याखाली एक तिरका काप घेतला. माझे चार खवले गेले म्हणून मी हळहळलो. पण मासा पाण्यात असा लंगडत निघाला, जणू कोणीतरी त्याला नुकताच चावला होता.

सासरे आले. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या डोळ्यांदेखत मी हातभर लांबीचा चणक ओढून काढला. त्याच्या जबड्यातून त्यांनी लाकडी मासा सोडवला आणि उलटासुलटा करून पाहिला.

"रंग उडाला होता, म्हणून मी जरा हात फिरवला," मी म्हणालो.

त्यांनी कापावरून अंगठा फिरवला. "जावयानू, हो काप माझ्या चेडवाचो. तिका मियाच शिकयलंय."

लेकीचा हात त्यांनी बरोबर ओळखला होता; मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते मात्र रागावले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी पेटी उघडून दुसरा, कोरा करकरीत परदेशी मासा काढला. मी निर्लज्जासारखा हात पुढे केला. तो ओलांडून त्यांनी मासा लेकीच्या हातावर ठेवला. तिने तो पदराने पुसला, फडताळात नीट ठेवला, आणि माझ्या रिकाम्या हातात चणक साफ करायला विळी दिली.