ताईच्या भाजीचे मेसेज

त्या रविवारी दुपारी मी आमच्या कॉम्प्युटरला पैसे पाठवायचा प्रयत्न केला.

झालं असं, की बायकोच्या फोनमधले मेसेज कॉम्प्युटरवर आणायचे होते. पडद्यावर तो ठिपक्यांचा चौकोन आला आणि खाली लिहिलेलं, 'फोनने स्कॅन करा.' स्कॅन म्हटलं की माझा हात एकाच ठिकाणी जातो. मी पैसे पाठवायचं ॲप उघडलं, भाजीच्या गाडीसमोर धरतो तसा फोन पडद्यासमोर धरला, आणि हा कोड चालत नाही असं फोननं सांगितल्यावर तेच आणखी दोनदा केलं. तिसऱ्या वेळी फोन जरा तिरका धरून.

"किती मागतोय?" बायकोनं दारातून विचारलं.

"अगं, मेसेजच्या ॲपमधूनच स्कॅन करायचं असतं. मी आपलं तपासून बघत होतो."

"बघा हं. पाठवाल त्याला दोनशे रुपये आणि म्हणाल, मेसेज दे."

मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात आवक-जावक सांभाळतो. येईल ते पत्र आवक, जाईल ते जावक, आणि दोन्हींची झेरॉक्स फायलीला. मूळ कागद हरवू दे, भिजू दे, साहेबांनी त्यावर चहा सांडू दे, झेरॉक्स आहे म्हटल्यावर कोणी घाबरत नाही. तीस वर्षं मी या एका श्रद्धेवर नोकरी केली. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माती खाल्ली ती या श्रद्धेपायीच.

मेसेज होते बायकोच्या ताईचे. ताई टिटवाळ्याला राहायची, आम्ही डोंबिवलीत. तिला ऐकू कमी यायचं, त्यामुळे फोनवर बोलणं म्हणजे दोन्हीकडून नुसतं "काय? काय?" म्हणून दोघी बहिणी मेसेज करायच्या. ताईकडे बटणांचा फोन. एका अक्षरासाठी तेच बटण तीनतीनदा दाबायचं, तर ती काय मोठी पत्रं लिहिणार? रोज सकाळी साडेदहाच्या सुमाराला तिचा एक शब्द यायचा. तोंडली. दुसऱ्या दिवशी, घेवडा. मग, पडवळ. त्या दिवशी तिच्याकडे जी भाजी असेल ती. इकडून बायको आमची भाजी कळवायची. बस्स. कशी आहेस नाही, काळजी घे नाही. दहा-अकरा वर्षं हे चाललेलं. मी चेष्टा करायचो, "तुम्हा दोघींचा बाजार समितीत नंबर लागेल." त्यावर बायको म्हणायची, "भाजी झाली म्हणजे ती उठली, आंघोळ झाली, ओट्याशी उभी राहिली. आणखी काय कळायला हवं?"

गेल्या दसऱ्याच्या आधी ताई गेली. कसलं दुखणं ते आम्हाला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन जूनमध्ये झालेलं, त्यामुळे पावसाळाभर ती घरातच होती आणि त्या चार महिन्यांत बहिणींची भेट झाली नाही. मेसेज मात्र रोज येत होते. मग एके दिवशी साडेदहाला आला नाही. अकरा वाजता बायकोनं लिहिलं, 'भाजी?' दुपारी साडूंचा फोन आला.

त्यानंतर बायको अधूनमधून फोन घेऊन बसायची आणि अंगठ्यानं वर वर सरकवत मागच्या वर्षांत जायची. मी बघितलं की म्हणायची, "काही नाही, बघत होते." माघात तिच्या फोनची बॅटरी फुगली. मागचं झाकण उचकटून वर आलं. आज ना उद्या फोन टाकावा लागणार हे दिसत होतं. तेव्हा तिनं मला एकच काम सांगितलं. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, पण तिनं माझ्याकडे असं काही मागितल्याचं आठवत नाही.

"अहो, ताईचे तेवढे मेसेज कुठे तरी ठेवता येतील का?"

"तेवढेच ना? आत्ता करतो."

तर तो रविवार. योग्य ॲपमधून स्कॅन केल्यावर कॉम्प्युटर म्हणाला, फोन सापडत नाही. फोन त्याच्यापासून वीतभर अंतरावर पडलेला. दोघं एकाच वायफायवर आहेत का पाहिलं. मग फोनची बॅटरी वाचवायची सोय बंद केली, कारण ती चालू असली की फोन मागच्या मागे झोपतो, असं कुठे तरी वाचलं. फोन बंद करून चालू केला. बायको मधूनमधून येऊन बघत होती आणि न विचारता परत जात होती. चारच्या सुमाराला पडद्याच्या डाव्या बाजूला नावांची रांग उमटली, आणि त्यात 'ताई'. मी टिचकी मारली. भाज्यांची माळच्या माळ. गवार. भेंडी. सुरण. मी आरोळी ठोकली, "अगं ये, आली तुझी ताई!"

असं म्हणायला नको होतं, हे शब्द तोंडातून गेल्यावर कळलं. पण ती आली, माझ्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली आणि पडद्यावर वाचत राहिली. "सुरण बघा," म्हणाली. "खाजला होता तिला." मग डोळे पुसून चहा टाकायला गेली.

इथे थांबलो असतो तर मी आज घरातला हिरो असतो. पण काम झालं की एक पाऊल पुढे टाकायचं, ही माझी जुनी खोड. म्हटलं, बाकीचेही मेसेज आणू. तेवढ्यात फोननं तक्रार केली, जागा अपुरी आहे, आणि दोघांचा संपर्क तुटला. मी जोडला, पुन्हा तुटला. मग मी विचार केला, आवक-जावकवाल्यासारखा: ताईच्या मेसेजची झेरॉक्स कॉम्प्युटरवर आलीच आहे. आता मूळ कागद फोनमध्ये कशाला अडवून ठेवायचा? फोननं विचारलं, हे संभाषण कायमचं पुसायचं? मी 'हो' दाबलं. मान वर करून बघितलं तर पडद्यावरच्या नावांची रांग एक घर वर सरकली. 'ताई' नाही.

ती झेरॉक्स नव्हतीच. तो आरसा होता. आणि मी आरशासमोरून माणूस उठवलं होतं.

पुढचा अर्धा तास मी काय काय केलं ते सांगत नाही. कचरापेटी शोधली, नव्हती. बॅकअप शोधला, तर ती सोय मीच पूर्वी कधी तरी बंद करून ठेवलेली. त्या सगळ्या भाज्यांनी मिळून, रोज येणाऱ्या एका 'शुभ सकाळ'च्या गुलाबाएवढीही जागा अडवली नसेल. बायको चहा घेऊन आली. मी कॉम्प्युटर बंद केला आणि म्हणालो, "झालं." एका अर्थी खरंच बोललो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझ्या डोक्यात एक किडा वळवळला. इकडची आवक ती तिकडची जावक. ताईनं पाठवलेले मेसेज ताईच्या फोनात असणारच! संध्याकाळी ठाण्याहून निघालो तो डोंबिवलीला न उतरता कल्याणला गेलो आणि तिथून टिटवाळा गाठलं. बायकोला कळवलं, ऑफिसात उशीर आहे.

साडूंनी दार उघडलं. मी त्यांना अण्णा म्हणतो. माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठे, कमी बोलणारे.

"या साडूभाऊ. आज इकडे कसे?"

मी खरं ते सांगून टाकलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. कपाटातून ताईचा फोन आणला. वर रबरबँडनं चार्जरची वायर गुंडाळलेली. चार्जिंगला लावला, चालू व्हायला बराच वेळ गेला. तोवर त्यांनी माझ्यापुढे खाकरे ठेवले आणि आम्ही दोघं भिंतीकडे बघत ते खाल्ले.

जावक रिकामी होती. पाठवलेले मेसेज ठेवून घ्यायची सोय त्या फोनात बंदच होती. एकही शब्द नाही. आवक मात्र भरलेली. म्हणजे आमच्या घरच्या भाज्या, माझ्या बायकोनं पाठवलेल्या. त्या पावसाळ्यातल्या. मी वाचायला लागलो. 'आज ह्यांनी केली. बटाटा. करपला.' 'ह्यांनी केली. दुधी. मीठ नाही.' 'भेंडी. ह्यांना सांगू नकोस, फेकली.' ऑपरेशननंतर स्वयंपाक मी करत होतो. मला वाटायचं, बरा करतो.

"हे तिला फार आवडायचं," अण्णा म्हणाले. "करपला वाचून इतकी हसली की ठसका लागला. तेव्हा पडूनच असायची."

"पडून? तेव्हापासून?"

अण्णांनी चष्मा काढून बनियनला पुसला.

"आषाढापासून. आमच्याकडे त्या पावसाळ्यात भाजी झालीच नाही हो. मी खिचडी टाकायचो, तीही तिला जायची नाही. मला शपथ घातलेली, धाकटीचा गुडघा नीट होईपर्यंत कळवायचं नाही. ती जिना उतरून धावत येईल आणि पाय मोडून घेईल म्हणाली. पहिल्यापहिल्यांदा स्वतःच काहीबाही लिहायची. मग बोटांत जोर राहिला नाही. म्हणाली, तुम्ही पाठवा. साडेदहा चुकवू नका." त्यांनी चष्मा परत चढवला. "मला कुठे भाज्या सुचतात? मी आपला खिडकीतून बघायचो, खाली हातगाडीवर जे दिसेल ते लिहायचो."

मी फोन त्यांच्या हातात परत दिला. त्यांनी वायर पुन्हा रबरबँडनं नीट गुंडाळली.

येताना रस्ताभर मी एकच हिशेब मांडत होतो, आणि तो किती हलका होता हे लिहितानाही लाज वाटते. मी स्वतःला समजावत होतो, की पुसले ते निदान शेवटच्या दोन-तीन महिन्यांतले तरी ताईचे नव्हतेच. म्हणजे गुन्हा तेवढा कमी. माणूस स्वतःच्या मूर्खपणाला कुठून कुठून सूट मिळवतो.

घरी पोचलो तेव्हा बायको पलंगाच्या कडेला बसून पायाचा व्यायाम करत होती. पाय सरळ वर उचलायचा, दहा आकडे मोजायचे, खाली. मी चपलाही काढल्या नव्हत्या.

"ताईचे मेसेज माझ्या हातून पुसले गेले," मी म्हणालो. "काल. कॉम्प्युटरवरूनही आणि फोनमधूनही."

तिचा पाय तसाच वर राहिला.

"सगळे?"

"सगळे. आत्ता टिटवाळ्याहून येतोय. तिच्या फोनातही नाहीत."

तिनं पाय खाली टेकवला. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती माझ्याकडे बघत होती, मी जणू एखादं चुकीच्या पत्त्यावर आलेलं पाकीट असल्यासारखी. ते मला सोसवेना. मग मी ते बोललो. बोलायला नको होतं, पण शपथ ताईनं अण्णांना घातली होती, मला नव्हती, आणि त्या क्षणी मला स्वतःला वाचवायचं होतं.

"ऐक ना. शेवटचे ते ताईचे नव्हतेच. ती आषाढापासून आजारी होती. अण्णाच पाठवत होते. तू ज्याला ताई समजत होतीस..."

"माहीत आहे मला."

मी खुर्चीवर बसलो.

"श्रावणात एकदा मेसेज आला," ती म्हणाली, "वांगी. अहो, ताईनं लग्न झाल्यापासून चातुर्मासात वांगं घरात आणलं नाही. आषाढी एकादशीला बंद, ते थेट चंपाषष्ठीला. तिच्या घरात श्रावणात वांगं म्हणजे ओट्याशी ती नाही. भावोजींना काय कळणार? पस्तीस वर्षं जेवले त्या घरात, पण पुरुषाला ताटात काय आहे ते दिसतं. काय नाही ते दिसत नाही."

"मग तू विचारलं नाहीस?"

"मी लिहिलं, दाण्याचं कूट जरा जास्त घाल."

बाहेर कुणाच्या तरी घरचा कुकर शिट्टी देत होता. ती थांबली, शिट्टी संपेपर्यंत.

"विचारलं असतं तर तिला सांगावं लागलं असतं. तिला लपवायचं होतं, म्हटलं लपवू दे. हे मी स्वतःला सांगते. खरं म्हणजे मला ऐकायचं नव्हतं. रोज साडेदहाला काही तरी येत होतं ना, मग म्हटलं, आहे." तिनं दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला. "तुम्ही पुसलेत त्याचं मला वाईट वाटतंय, फार वाटतंय, पण तुमच्यावर चिडायला तोंड नाही मला. सहा आठवडे होते माझ्याकडे. डॉक्टरांनी जिना चढू नका सांगितलं होतं, गाडीत बसू नका नव्हतं सांगितलं."

"अगं, पण तुझा पाय..."

"तेराव्याला गाडी करून गेलोच ना आपण?" ती म्हणाली. "तेव्हा कसा नाही आडवा आला पाय?"