मसुऱ्यात बाबा ‘भाई’ होते

मसुऱ्याला जायचं मी ठरवलं ते एका आवाजामुळे, आणि खरं सांगायचं तर रागाने.

बाबा गेल्यावर मी आमच्या घराण्याची वंशावळ जमवायला घेतली. ठाण्याच्या घरात आई आणि मी दोघीच. संध्याकाळी मन रमवायला काहीतरी हवं होतं. बडोद्याचे, बेळगावचे, एक थेट टोरांटोचा असे दूरदूरचे भाऊबंद शोधले, त्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप केला, आणि ‘आपापल्या आठवणी पाठवा’ असं आवाहनही मीच केलं. बहुतेकांनी सुप्रभात पाठवलं. मग एके दिवशी मालवणजवळच्या कट्ट्याहून सुलभा नावाच्या कुणा बाईंचा ऑडिओ आला. अस्सल मालवणीत.

“भाई मुंबयसून इलो काय आमच्या घरात दिवाळी. खळ्यात आमका गोळा करून दशावतारातलो राक्षस करून दाखवी. हसान हसान पोटात दुखा.”

खळं म्हणजे अंगण, हे मला माहीत होतं. हा भाई कोण, हे मात्र दुसऱ्यांदा ऐकताना, शेवटी तिने घेतलेल्या पूर्ण नावावरून उमगलं. भाई म्हणजे माझे बाबा.

आमचे बाबा सरकारी कचेरीत होते. घरी आले की चहा, वर्तमानपत्र, बातम्या. जेवताना बोलले तर ‘मीठ कमी आहे’ एवढंच. दर मे महिन्यात ‘जमिनीचं काम आहे’ म्हणून एकटे गावी, मालवणजवळच्या मसुऱ्याला, जायचे आणि आंब्याची पेटी घेऊन परत यायचे. त्यांना राक्षस करून दाखवता येतो हे मला पन्नाशी ओलांडल्यावर, एका अनोळखी बाईकडून कळत होतं. आईला ऑडिओ ऐकवला नाही. तिकीट काढलं.

पहिला दिवस

जानेवारीचा शेवट होता. या दिवसांत जाणार असाल तर उत्तम. ऊन सोसवतं आणि आंबा-काजूला मोहोर असतो. ठाण्याहून सकाळची गाडी धरून दुपारी कणकवलीला उतरले. तिथून मालवणची एसटी मिळते. कसालपर्यंत हायवे गुळगुळीत, पुढे वळणांचा रस्ता. वाटेत कट्ट्याचा बाजार लागला. बस थांबली तशी मी खिडकीतून दुकानांवरच्या पाट्या वाचत बसले. इथेच कुठेतरी ती सुलभा राहते. ती कशी दिसत असेल ते बघायचं होतं आणि ती दिसू नये असंही वाटत होतं.

मुक्काम मालवणात, बाजाराजवळच्या एका घरगुती लॉजवर. खोली स्वच्छ, जेवण मालकीणबाई स्वतः करतात. रात्रीसाठी मासे हवे असतील तर दुपारीच सांगून ठेवा. मी तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं आणि सोलकढी घेतली. चव अप्रतिम होती. पण बाबा दरवर्षी हे असं जेवून यायचे आणि घरी येऊन आमच्या वरणभाताला नावं ठेवायचे, या विचाराने तोही घास थोडा कडूच लागला.

दुसरा दिवस

मालवणहून मसुऱ्याला एसटी आहे, पण फेऱ्या मोजक्याच. वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा. रिक्षा केलीत तर परतीचंही भाडं आधी ठरवा. रस्ता सुंदर आहे. एका बाजूला कापणी झालेली भाताची शेतं, दुसऱ्या बाजूला काजूच्या बागा.

ज्यांच्या घरी गेले ते वसुकाका. बाबांचे पणजोबा आणि त्यांचे पणजोबा सख्खे भाऊ. सुलभा ही त्यांचीच मुलगी. मी येणार म्हणून ती सासरहून आली होती. अंगणात पाय ठेवला तर वसुकाका खुर्चीतून उठून उभे राहिले. ऐंशीच्या पुढचे असतील.

“तू भाईचा चेडू मां?” मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत ते म्हणाले. “सुले, नाक बघ गो हेचा. भाईचाच नाक!”

सुलभा माझ्याच वयाची. ठसठशीत, घोगऱ्या आवाजाची, भरभर चालणारी. तिने मला घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ वाढली आणि शेजारी बसून सुरूच झाली. भाई आला की सकाळी उठून स्वतः बांगडे आणायचा. स्वतः चुलीवर त्यांचं तिखलं, म्हणजे झणझणीत कालवण, करायचा. तिरफळं किती घालायची यावरून तिच्या आईशी भांडायचा.

“तू तर तेच्या हातचा तिखला कितक्यांदा खाल्लंस असतलंस!”

मी खोटंच हो म्हणून मान डोलावली. बाबांना गॅससमोर उभं राहिलेलं मी एकदाही पाहिलं नव्हतं.

सगळ्यात जास्त टोचलं ते वेगळंच. ती त्यांना ‘तो’ म्हणत होती. भाई असो, भाई तसो. आम्ही जन्मभर ‘अहो बाबा, तुम्ही’ म्हणत आलो.

मी विषय बदलायला वंशावळीचा तक्ता काढला. (वंशावळ घेऊन जाणार असाल तर मोठ्या कागदावर, ठळक अक्षरात छापून न्या, म्हाताऱ्या माणसांना मोबाइलवर दिसत नाही.) वसुकाकांनी दोन नावं दुरुस्त करून दिली. सुलभाने मात्र विचारलं, “भाई खंय आसा ह्येच्यात? आणि मी खंय?”

मी दाखवलं. बाबा कागदाच्या डाव्या टोकाला, ती उजव्या. तिने एका नावावर अंगठा आणि दुसऱ्यावर करंगळी टेकवायचा प्रयत्न केला. हात पुरला नाही.

“इतक्या लांब?” ती म्हणाली आणि हात मागे घेतला.

मला तेव्हा बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

निघताना मी वसुकाकांना जमिनीबद्दल विचारलं. कुठे आहे, निदान बघून तरी घ्यावी.

“कसली जमीन?” वसुकाका हसले. “तेच्या बापाशीन ती कधीच इकल्यान. भाई येय तो आमका भेटूक.”

परतीच्या रिक्षात मी काहीच बघितलं नाही. इतकी वर्षं प्रत्येक मे महिन्यात ते आम्हाला सोडून, खोटं कारण सांगून, या लोकांकडे हसायला येत होते.

तिसरा दिवस

आज परत मसुऱ्याला जायचं नाही असं ठरवलं होतं. मालवणच्या बाजारातून काजू आणि खाजं घेऊन दुपारभर लोळणार होते. पण जेवणानंतर सुलभा स्कूटर घेऊन लॉजच्या दारात हजर.

“चल. भाई खंय बसा ता दाखवतंय.”

नाही म्हणता आलं नाही. ती मला तोंडवळीच्या किनाऱ्यावर घेऊन गेली. ज्यांना गर्दी नको त्यांनी हा किनारा चुकवू नये: लांबच लांब वाळू, मागे सुरूची झाडं, माणूस क्वचितच. खाण्यापिण्याचं मात्र बरोबर न्या, तिथे काही मिळत नाही.

आम्ही सुरूच्या सावलीत बसलो. ती समुद्राकडे बघत म्हणाली, “माका एक सांग. शेवटाक तेका त्रास झालो?”

मी तिच्याकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते.

“आमका कोणी कळवूक पण नाय. मे म्हयन्यात इलो नाय, तेव्हा आमच्या बाबांनी फोन केल्यानी. तो लागलोच नाय. मगे कोणाकडसून तरी कळला. तू तेच्या उशाक होतंस. मी खंय होतंय? कागदाच्या त्या टोकाक.”

मला एकदम उमगलं की हीसुद्धा कालपासून माझ्याकडे तशीच बघत होती, जशी मी तिच्याकडे.

मग मी सांगायला लागले. हॉस्पिटलातले ते दिवस मी कुणालाच सांगितले नव्हते, आईलाही नाही. बाबा फारसे बोलत नव्हते. माझं बोट धरून ठेवायचे, सोडवलं तर पुन्हा शोधायचे. आणि शेवटच्या आठवड्यात काहीतरी निराळंच बोलायला लागले होते. ‘पाणी हाड गो’ (पाणी आण). ‘बस गो हय.’ आम्हाला वाटलं, ग्लानीत आहेत.

“तो तुझ्याशी मालवणीत बोललो?” सुलभा सरळ होऊन बसली.

“हो. पण...” कालपासून एक गोष्ट मन कुरतडत होती. “पण सुलभा, ते बहुतेक मला तू समजत होते.”

तिने मान जोरात हलवली.

“नाय गो. माका तो कधी ‘गो’ म्हणूकच नाय. ‘रे सुल्या’ म्हणा. झिलगो, पोरगोच समजा तो माका. ‘रे सुल्या, हय ये.’ ता ‘गो’ तुकाच होता.”

हे खरं की माझ्यासाठी सांगितलं, मी विचारलं नाही. आम्ही दोघी तिथे बराच वेळ रडलो. मग ती पदराने तोंड पुसून म्हणाली की घरी बांगडे आणून ठेवलेत, आणि भाई करायचा तसं तिखलं ती मला शिकवणार आहे. शिकवलंही. तिरफळं बेताने घाला; जास्त झाली तर जीभ बधिर होते. वसुकाका जेवताना म्हणाले, “भाई ह्येच्यापरास तिखट करी.” सुलभा त्यांच्यावर खेकसली.

घरी

चौथ्या दिवशी परतले. आईला आता सांगणं भागच होतं. ती मेथी निवडत बसली होती. मी ऑडिओपासून सगळं सांगितलं. जमीन नव्हतीच, हे जरा चाचरतच.

“माहीत आहे,” आई म्हणाली. “सुलू अजून तेवढीच बडबडते का?”

मी थक्क झाले. “तुला सुलू माहीत आहे?”

“हे सांगायचे ना तिच्याबद्दल. मला चल चल म्हणायचे दरवर्षी. मीच नाही गेले.”

“का?”

तिने जुडीतली पिवळी पानं बाजूला काढली. “मला वाटायचं, मी गेले तर तिथेही ते इथल्यासारखेच वागायला लागतील. एक जागा तरी असू दे त्यांना.”

“तुला हेवा नाही वाटायचा?”

“वाटायचा तर. खूप वाटायचा.” मग ती थोडी हसली. “पण तिकडून आले की चार-पाच दिवस अंघोळ करताना गुणगुणायचे. काहीतरी नाटकातलंच असायचं. तेवढे दिवस घर बरं वाटायचं. मग कचेरी सुरू झाली की बंद.”

मी आठवायचा खूप प्रयत्न केला. न्हाणीघराचं दार आठवलं, पाण्याचा आवाज आठवला. गुणगुणणं काही आठवेना. मे महिन्यात आम्ही मुलं दिवसभर खाली खेळत असायचो.

सुलभाशी आता आठवड्यातून एकदा तरी बोलणं होतं आणि तिचा हेवा पुष्कळ कमी झालाय. सध्या मला आईचा वाटतो.