वन्संच्या भिंती

आमच्या वन्संच्या चित्रासमोर उभं राहून कुणी ‘सुंदर’ म्हणालं, की त्यांचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं व्हायचं. “सुंदर म्हंजे काय? काय बघितलंसा ते सांगा की,” असं त्या विचारायच्या आणि समोरचा माणूस घड्याळ बघायला लागायचा.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. कोल्हापुरात आमच्याच घरी मागच्या खोलीत राहायच्या आणि शाळांच्या, दवाखान्यांच्या, देवळांच्या भिंती रंगवायच्या. डब्यातल्या रंगाला कधी शिवल्या नाहीत. “भिंतीचा श्वास कोंडतोय त्यो,” म्हणायच्या. मलकापूरच्या बाजूची तांबडी माती, चुना आणि दिव्याची काजळी, एवढ्यावर त्यांचं भागायचं. दोन पावसाळ्यांत चित्र फिकं व्हायचं. लोक हळहळायचे, आणि वन्संना त्या लोकांचीच कीव यायची. “तुमचं तोंड तरी लग्नातल्यासारखं ऱ्हायलंय का?”

बाहेरची माणसं त्यांना साध्वी समजायची. मी त्यांच्याबरोबर एकाच घरात राहत होते, त्यामुळं मला तसं कधी वाटलं नाही. चुना भिजवलेल्या बादल्या न्हाणीघराच्या दारात असायच्या. पाय ठेवायला जागा नसायची. आठवड्याचं काम त्या महिनाभर करायच्या. मी शेजारणीला कुचेष्टेनं सांगायचे, “वन्सं आज भिंतीला विचारायला गेल्यात, ब्रश लावू का म्हणून.” एकदा त्यांनी ते ऐकलं. रागावल्या नाहीत. “इचारल्याशिवाय कुणाच्या अंगाला हात लावू न्हाय,” एवढंच म्हणाल्या.

एका सुट्टीत मी त्यांच्याबरोबर गारगोटीजवळच्या एका शाळेत गेले होते. भिंतीवर अर्धी म्हैस झाली होती, आणि तिच्या पोटाच्या जागेवर कुंभारमाशी मातीचं घर बांधायला लागली. वन्संनी ब्रश धुऊन ठेवला. हेडमास्तर घाबरले. “बाई, सोमवारी सायेब येणार हायत. झाडूनं पाडू का?”

“झाडू मारायचा तर माझ्या म्हशीवर मारा. त्या माशीला पोरं व्हायची हायत.”

साहेब आले, बिनपोटाच्या म्हशीकडं पाहत चहा प्याले आणि गेले. घरी येऊन मी ही गोष्ट हसत हसत सगळ्यांना सांगितली. दुपारभर मीही वन्संच्या शेजारी बसून ती माशी मातीची एकेक गोळी कशी आणते ते बघत होते, हे मात्र कुणाला सांगितलं नाही.

मग जोतिबाच्या रस्त्याला नवऱ्याच्या ओळखीच्या एकानं रिसॉर्ट काढलं. त्याला कंपाउंडच्या भिंतीवर जंगल हवं होतं. नवऱ्यानं वन्संना न विचारता शब्द देऊन टाकला, आणि आम्ही तिघं तिथं गेलो. मालक तोंडभरून बोलत होता. “ताई, आपल्याला निसर्गाशी एकरूप व्हायचंय. हितं जांभळाची झाडं काढा, वर पोपट.”

वन्सं गाड्या लावायच्या जागेकडं गेल्या. तिथं दोन ताजे बुंधे होते. त्या खाली बसल्या, एकावर हात ठेवला.

“ही कसली हुती?”

“जांभळंच. गाड्यांवर डाग पडायचे हो.”

वन्संनी पिशवी उचलली. “पावणं, तुमाला झाड नकोय, झाडाचा फोटो पायजे. फोटोवाला बघा.”

घरी आल्यावर नवरा म्हणाला, “अक्का, माझा शब्द घालवलास.”

“माझ्या हाताचा शब्द तू कशापायी दिलास?”

त्या दिवसापासून नवऱ्यानं त्यांच्याशी बोलणं सोडलं. एकाचं ताट उचलायचं, मग दुसऱ्याचं मांडायचं, असं दोन महिने चाललं. शेवटी वन्सं मलकापूरला मावसबहिणीकडं निघून गेल्या. मला त्यांना थांबवता आलं असतं. मी थांबवलं नाही. न्हाणीघराचं दार मोकळं झालं, हाच विचार आधी मनात आला.

दीड वर्षानं ताप अंगावर काढून तिथंच त्या गेल्या. तोवर नवऱ्यानं एक फोन केला नव्हता.

मग सगळ्यांना त्या आठवल्या. कोल्हापुरात एका हॉलमध्ये शोकसभा झाली. स्टेजवर प्लॅस्टिकची फुलं आणि ‘निसर्गपूजक कलावंत’ असा भलामोठा फ्लेक्स. तो रिसॉर्टवालाही बोलायला उठला. “ताई आणि मी निसर्गावर तासन्‌तास बोलायचो,” म्हणाला.

मी उभी राहिले. चारचौघांत बोलायची मला सवय नाही. “त्या तुमच्याकडं एकदाच आल्या होत्या,” मी म्हणाले, “आणि तुम्ही तोडलेल्या जांभळापाशी बसून परत गेल्या.”

नवरा आता ओरडणार असं मला वाटलं. तो उठला आणि माझ्याआधी बाहेर पडला. मी गाडीपाशी पोचले तेव्हा तो दार उघडून माझी वाट बघत होता.

“एकदा फोन करायला पायजे हुता मी,” तो म्हणाला.

“व्हय,” मी म्हणाले. आणि त्याची समजूत घातली नाही.