धनु राशीचा नवरा

बहिणीशी अबोला असूनही मी भाचीच्या साखरपुड्याला निघाले होते. स्टँडवर पाणी आणायला गेलेला नवरा एका अनोळखी आजोबांची पिशवी खांद्यावर टाकून त्यांची एसटी शोधत फिरताना दिसला. तेवढ्यात आमची एसटी सुटली.

“जाऊ दे गं, दुसरी येईल,” तो हसत म्हणाला.

धनु रास म्हणे मोकळी, दिलदार. ती दिलदारी परक्यांसाठी. घरच्यांनी नुसतं ताटकळायचं. आणि एवढ्या मोकळ्या माणसाला, मी माहेरी गेले की जेवण जात नाही.

“तसंही तुला बहिणीसमोर जायची धास्तीच वाटतेय,” तो शेजारी बसत म्हणाला.

खरं बोलायलाही याला हीच वेळ सापडावी. पुढची एसटी लागताच मी त्याची वाट न पाहता चढले.