चिंचेनं घासलेला फ्यूज

रांझीला आमच्या ओळीत एक गृहस्थ राहतात. कारखान्यात तोफगोळ्यांचे फ्यूज जोडता जोडता रिटायर झाले, पण अजून पाच मिनिटं एका जागी बसवत नाही त्यांना. बोलतानाही अंगठा नि बोट न दिसणारा स्क्रू फिरवत असतात.

परवा मी भंगारवाल्याकडून आणलेला पितळेचा जाडसा भोवरा चिंचेनं घासून राहिले होते. आतली माती निघेना, म्हणून ओट्यावर आपटणार, तेवढ्यात पेपर मागायला आलेले हे गृहस्थ दारातूनच हळू आवाजात म्हणाले, "दीदी, आपटू नका. असाच धरा."

"काहून?"

"जुन्या गोळ्याचं नाक आहे ते, फ्यूज. आत पिन, समोर बारुदाची टोपी, आणि पिन अडवायला एक बारीक तार. तोफ उडाली की धक्क्यानं तार तुटते. मग गोळा आदळला की पिन सरळ टोपीवर."

"ह्याची तार तुटली काय?"

"बाहेरून दिसत नाही न, दीदी."

माझ्या हातांखाली त्यांनी आपले हात लावले. दोघांनी मिळून ते रजईच्या घडीवर टेकवलं. "चलो, आता बाहेर."

शेजाऱ्यांनी पोलिसांना फोन लावला. मी वळून पाहते तर हे गृहस्थ मागे नाहीतच! थोड्या वेळानं आले, हातात माझं दुधाचं पातेलं.

"गॅस चालू होता, दीदी. दूध उतू जात होतं."

भर रस्त्यात मी त्यांना असं झापलं, की आमच्या ह्यांनाही कधी झापलं नसेल.